शाळेआधीची शाळा

प्रायमरी टीचर व्हायचं ठरवलं, तेव्हा वाटलं होतं की गाणी, गोष्टी आणि फळ्यावरचं वळणदार अक्षर एवढं शिकलं की झालं. पण पहिला धडा मिळाला तो मुलांच्या घरांकडून...

‘रात्री लवकर झोपवत जा हो त्याला. आणि झोपताना मोबाईल अजिबात देऊ नका!’

हे वाक्य मी ज्या थाटात बोलले होते, तो आठवला की आजही कान गरम होतात. साल २०२२. मी हिंजवडीच्या एका कंपनीत ॲडमिन टीममध्ये होते. शनिवारी कंपनीचा टी-शर्ट घालून आम्ही आठ-दहा जण जवळच्या महापालिकेच्या शाळेत जायचो. सीएसआर! गोष्टी वाचायच्या, कागदाचे बेडूक करायचे, ग्रुप फोटो काढायचा आणि मग सगळ्यांनी मिळून मिसळ हाणायची. तुमच्यापैकी अनेकांनी हे केलं असेल.

पहिलीच्या वर्गात पिवळ्या दप्तरवाला एक मुलगा होता. गोष्ट सुरू झाली की पाच मिनिटांत याचं डोकं बाकावर. तीन शनिवार मी हे बघितलं. माझ्या गोष्टीत कोणी झोपतं म्हणजे काय! चौथ्या शनिवारी त्याची आई त्याला न्यायला आली आणि मी तिला गाठून वरचं वाक्य ऐकवलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मॅडम, मी साडेचारला उठते. सहाची ड्यूटी असते ना, हाउसकीपिंगला. त्याला अर्ध्या झोपेत उचलून बहिणीकडे सोडते, तिथून तो शाळेत येतो. आज माझी सुट्टी म्हणून मी आले. आणि मोबाईल घरात एकच आहे. तो माझ्याजवळ असतो.’

आवाजात तक्रार नाही, टोमणा नाही. मी ‘अच्छा अच्छा’ करत तिथून सटकले. त्या दिवशी मिसळ काही गोड लागली नाही.

शिकवायची हौस मला कॉलेजपासून होती. पण पुण्यात इंजिनीअरिंग सोडून डी.एड. करते म्हटलं असतं तर घरच्यांनी डॉक्टरकडे नेलं असतं. तर ती हौस तिशीत पुन्हा डोकं वर काढत होती. त्या शनिवारनंतर एवढंच नक्की झालं की वर्गात उभं राहण्याआधी मला मुलांबद्दल आणि त्यांच्या घरांबद्दल काहीतरी कळायला हवं. कारण जे कळतंय असं वाटत होतं, ते सगळं माझ्या स्वतःच्या लहानपणातून आलेलं होतं. कोथरूडमधलं घर, आई दुपारी चारला घरी, संध्याकाळी शुभंकरोती आणि साडेनऊला दिवा बंद. मला वाटायचं, मूल म्हटलं की असंच असतं.

घरी सांगितल्यावर नवऱ्याने एकच शब्द उच्चारला, ‘ईएमआय?’ सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, अ आ इ शिकवायला परत तू शिकणार?’

दोन्ही प्रश्न बरोबर होते. म्हणून नोकरी लगेच सोडली नाही. इग्नूचा बालसंगोपन आणि शिक्षणाचा डिप्लोमा घेतला. घरबसल्या करता येतो, बारावी झालेल्या कोणालाही करता येतो आणि त्यात नुसते पेपर नसतात, प्रकल्पासाठी प्रत्यक्ष मुलांमध्ये जावं लागतं. (वेळ आणि पैसा असेल तर एसएनडीटी किंवा मुंबईच्या निर्मला निकेतनमध्ये ‘मानव विकास’ हा विषय घेऊन रीतसर शिकता येतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.) बॉसला पटवून आठवड्यातले दोन दिवस दुपारी ऑफिसला जायची परवानगी काढली आणि त्या दोन सकाळी काळेवाडीच्या बाजूच्या एका अंगणवाडीत बसू लागले.

आजीची टपरी आणि पियाजे

अंगणवाडी म्हणजे दहा बाय बाराची भाड्याची खोली. भिंतीवर फळांचा तक्ता, कोपऱ्यात वजनकाटा, दारात चपलांचा ढीग. तीन ते सहा वर्षांची बावीस मुलं, एक सेविकाताई आणि एक मदतनीस. मी पहिल्या दिवशी फ्लॅशकार्डं घेऊन गेले होते. ताईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, ‘छान आहेत. पण आधी जरा नाकं पुसा.’

त्याच सुमारास पुस्तकात पियाजे वाचत होते. त्याचा तो प्रसिद्ध प्रयोग तुम्हीही कुठेतरी वाचला असेल. दोन सारखे ग्लास, दोन्हीत सारखं पाणी. मुलासमोरच एका ग्लासातलं पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, आता जास्त कुठे? साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. पाणी तेवढंच राहतं हे त्यांना अजून दिसत नसतं.

मी घरून काचेचे ग्लास नेले. एकेका मुलाला जवळ बोलावून विचारलं. उंच ग्लास, उंच ग्लास, उंच ग्लास. मी खूष, पियाजे पास! मग पाच वर्षांची एक मुलगी आली. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन गायब. तिने माझ्याकडे असं बघितलं, की या बाईला इतकंही कळत नाही? म्हणाली, ‘तेवढंच आहे. आजी पण असंच करती.’

तिच्या आजीची चहाची टपरी होती. पातेल्यातून किटलीत, किटलीतून ग्लासात, पार्सल असेल तर पिशवीत. ही पोरगी सकाळभर आजीच्या पायाशी बसून तेवढाच चहा निरनिराळ्या भांड्यांत जाताना बघत होती.

नंतर वाचताना कळलं की असलं काहीतरी अभ्यासकांनाही सापडलेलं आहे. १९६९ साली मेक्सिकोमधल्या कुंभारांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास आहे. मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे कुंभारांच्या मुलांना त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा चांगलं कळत होतं. उघड आहे. त्यांचे हात रोज त्याच मातीत!

त्या दिवसापासून माझा एक शब्द सुटला. ‘मागास घरातलं मूल.’ आपण ऑफिसात सहज बोलतो ना, ‘बिचाऱ्यांना घरी काही एक्स्पोजरच नसतं.’ टपरीवरच्या मुलीला एक्स्पोजर भरपूर होतं. ते माझ्या फ्लॅशकार्डवर छापलेलं नव्हतं, इतकंच.

सेविकाताईंबरोबर मी गृहभेटींनाही जायचे. पहिल्या भेटीआधी त्यांनी रस्त्यातच मला तयार केलं. घरात गेल्यावर भांडी-कपड्यांकडे बघायचं नाही. खुर्ची एकच असेल तर तिच्यावर बसायचं नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची असते. पाणी दिलं तर घ्यायचं, ‘बॉटल आहे’ म्हणायचं नाही. आणि पहिला प्रश्न मुलाच्या अभ्यासाचा विचारायचा नाही. ‘मग काय विचारू?’ तर म्हणाल्या, ‘त्याला झोपवतं कोण ते विचारा.’

हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात द्यायला हवा. झोपवतं कोण, या एका प्रश्नात घर उलगडतं. आई रात्रपाळीला आहे का, आजी गावाहून आली आहे का, बाप आहे का, मोठी बहीण आठ वर्षांची असून आईचं काम करते का, सगळं. आणि कोणाला आपण चौकशी करतोय असं वाटतही नाही.

एक सेल, एक तास

आता त्या पिवळ्या दप्तराकडे परत येते, कारण खरा फटका पुढेच होता.

युरी ब्रॉनफेनब्रेनर नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता. मॉस्कोत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला. १९६५ साली अमेरिकेत गरीब मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. तो आखणाऱ्यांमध्ये हाही होता. नुसत्या मुलाला शिकवून भागणार नाही, घराला बरोबर घ्या, असा त्याचा आग्रह. १९७९ साली त्याने पुस्तक लिहिलं आणि मुलाचं जग एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांसारखं असतं असं सांगितलं. सगळ्यात आत घर, वर्ग, गल्ली. त्याभोवती या सगळ्यांचे एकमेकांशी असलेले संबंध, म्हणजे घराचं शाळेशी पटतं का, वगैरे. त्याच्याही बाहेर एक वर्तुळ आहे. जिथे मूल कधीच जात नाही, पण तिथे काही बदललं की मुलाच्या आयुष्यात बदल होतो. उदाहरण म्हणून पुस्तकात दिलं होतं, आईवडिलांचं कामाचं ठिकाण.

हे मी रात्री साडेअकराला किचनच्या ओट्यावर पुस्तक ठेवून वाचत होते आणि एकदम थांबले.

आमच्या ऑफिसात हाउसकीपिंगची पहिली शिफ्ट पूर्वी सातची होती. आठला येणाऱ्यांनी मेल केले, की फ्लोअर ओला असतो, कॅन्टीनमध्ये फिनाईलचा वास येतो. मग मीच शिफ्ट सहाची केली. एक्सेलच्या एका सेलमध्ये सातच्या जागी सहा. कंत्राटदाराला एक ओळीचा मेल. काम झालं. त्या महिन्यात माझ्या अप्रेझलमध्ये ‘प्रोॲक्टिव्ह’ असा शब्द होता!

पिवळ्या दप्तरवाल्याची आई आमच्या ऑफिसात नव्हती, दुसऱ्या बिल्डिंगमध्ये होती. तिच्या शिफ्टचा सेल दुसऱ्या कोणीतरी बदलला असेल. पण आमच्याकडे सहाला येणाऱ्या चौदा बायका होत्या. त्यातल्या किती जणी साडेचारला उठून एखादं पोरगं अर्ध्या झोपेत बहिणीकडे नेत होत्या, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी शिफ्ट परत सातची करावी म्हणून मेल लिहिला. उत्तर आलं, ‘क्लायंट रिक्वायरमेंट’. ती रिक्वायरमेंट मीच लिहिलेली होती. दोन महिने भांडून एवढंच पदरात पडलं की ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी दुसरी शिफ्ट मागितली तर आधी त्यांचा विचार करायचा. सहा जणींनी मागितली.

आणि हे फक्त हाउसकीपिंगबद्दल नाही हं. तुमचा रात्री नऊचा यूएस कॉल, ट्रॅफिकमधले दीड तास, ‘वीकेण्डला जरा लॉग इन करशील का?’ हे सगळं त्याच बाहेरच्या वर्तुळातलं. फरक एवढाच की आपल्याकडे पाळणाघर असतं, कामवाल्या मावशी असतात, गावाहून आणलेले आईबाबा असतात. आपल्याला आधार आहे म्हणून आपण ‘चांगले पालक’ दिसतो. तिला नाही म्हणून ती ‘बेजबाबदार’.

शाळांच्या वेळेचंच बघा. मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून २०२४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. ऐकायला उत्तम. मुलांच्या झोपेच्या दृष्टीने योग्यच. पण ज्या घरात आई साडेपाचला निघते तिथे ते मूल साडेपाच ते नऊ कुठे असणार? झोप वाढली, पण सांभाळणारं माणूस नाही. अशा वेळी शाळेजवळ एखादी खोली आणि एक मावशी असती तर! हा विचार मला फार नवा आणि भारी वाटला होता. मग तारा-अनु भेटल्या.

कोसबाडची टेकडी

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं शाळेत एका मार्काच्या प्रश्नापुरती वाचलेली. अंगणवाडी कोणी सुरू केली? रिकाम्या जागा भरा. मला वाटायचं, अंगणवाडी ही सरकारी स्कीम. ती आहेच. २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पण ही कल्पना त्याच्या कितीतरी आधी आपल्याच राज्यात रुजली होती.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं. सोबतीला अनुताई, बालपणीच विधवा झालेली, शिकून शिक्षिका झालेली बाई. मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा ‘पालकांना पडलेलीच नाही’ असं म्हणून या दोघी घरी बसल्या नाहीत. मुलं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. म्हणून अंगणवाडी! माँटेसरीची महागडी साधनं परवडणार नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, खडे हीच साधनं.

पन्नासच्या दशकात काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे लक्षात आलं की मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती घरी धाकट्यांना सांभाळतात. मग एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा सुरू झाली. विकासवाडी. ताई धाकट्याला कडेवर घेऊन यायची, त्याला पाळणाघरात ठेवायची आणि स्वतः वर्गात जाऊन बसायची.

आज ज्याला ‘फॅमिली सपोर्ट’ म्हणतात, ज्याच्यावर परदेशात पदव्या मिळतात, ते हेच. आईला लेक्चर न देता तिच्या कडेवरचं ओझं तासभर कोणीतरी घ्यायचं. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या साईटवर पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाईल क्रेशेस उभी राहिली. तिथेही विचार हाच. आपल्या हिंजवडी-वाकडच्या किती टॉवर्सच्या पायाशी अशी खोली होती, ते जरा आठवून बघा. मी ज्या फ्लॅटचा ईएमआय भरते तिथे नव्हती, हे मला वॉचमनकाकांनी सांगितलं.

फॉर्म, फोटो, पासबुक

वेण्यांवाल्या मुलीचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. आई माहेरी निघून गेली होती, पुढे तिने दुसरं लग्न केलं. आजी आणि नात, दोघीच. मी मनातल्या मनात बालमानसशास्त्रातले सगळे धडे काढले. वियोग, असुरक्षितता, भावनिक गरज... आजीशी बोलताना काय काय समजावून सांगायचं, त्याचे मुद्दे चक्क डायरीत लिहिले होते.

सेविकाताई म्हणाल्या, ‘ते राहू द्या. तिला बालसंगोपनचे पैसे मिळतात का, ते आधी विचारा.’

मिळत नव्हते. महाराष्ट्रात ही योजना आहे आणि आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या लोकांना ती माहीतच नसते. मूल अनाथ असेल, आई किंवा वडील गेले असतील, सोडून गेले असतील, गंभीर आजारी असतील, तर मुलाला संस्थेत न पाठवता कुटुंबातच वाढवता यावं म्हणून सरकार दरमहा मदत देतं. २०२३ मध्ये ही रक्कम १,१०० वरून २,२५० रुपये झाली आणि योजनेला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. अठराव्या वर्षापर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, आदेश बालकल्याण समितीचा.

२,२५० म्हणजे काय? आपल्यासाठी एक वीकेण्ड. आजीसाठी खोलीच्या भाड्याचा मोठा हिस्सा.

मग सुरू झाली कागदांची वारी. वडिलांचा मृत्यूचा दाखला. ते गेले गावी, म्हणजे दाखला तिकडच्या ग्रामपंचायतीचा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक. शिवाय घरासमोर उभं राहून मूल आणि पालक यांचा एकत्र फोटो. आजीने फोटोसाठी ठेवणीतलं लुगडं काढलं आणि नातीला दोन्ही वेण्यांना नव्या रिबिनी. एका चकरेत काम झालं असं समजू नका. किती चकरा झाल्या ते विचारूच नका. प्रत्येक चकरेला आजीची टपरी बंद, म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. तिसऱ्या चकरेला मी तिच्या जागी गेले. तिथल्या क्लार्कने माझ्या गळ्यातलं कंपनीचं आयकार्ड बघितलं आणि खुर्ची दिली. आजीला आधीच्या दोन्ही वेळेला उभं ठेवलं होतं.

इथे मला माझं पुस्तक थोडं कमी पडलं, असं प्रामाणिकपणे सांगते. त्यात संवादकौशल्यावर भरपूर पानं होती. रांगेत उभं राहण्यावर एकही नव्हतं.

पैसे सुरू व्हायला काही महिने गेले. ज्या दिवशी पहिल्यांदा खात्यात जमा झाले, त्या दिवशी आजीने मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. मी बळेच दहाची नोट ठेवली तर जाम भडकली. गपगुमान नोट उचलली आणि चहा प्यायले.

अभ्यासात आणखी एक भाग असा होता, जो वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही. मुलांवरचे अत्याचार. त्यातली एक गोष्ट प्रत्येक काका-मावशीनेही लक्षात ठेवावी अशी आहे. मूल काही सांगू लागलं तर ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ते पाळता येत नाही आणि पाळूही नये. पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे २०१२ पासून, असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाईन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेतून चालते आणि ११२ शी जोडलेली आहे. नंबर आत्ताच सेव्ह करा, मग पुढे वाचा.

प्रॅक्टिकल बोलूया

तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यात असा किडा असेल तर काही गोष्टी स्पष्ट सांगते. पहिली ते पाचवी शिकवायचं असेल तर डी.एल.एड. करा. लोकांच्या तोंडी अजून डी.एड.च आहे. बारावीनंतरचा दोन वर्षांचा कोर्स. माझ्या एका मैत्रिणीने ‘ग्रॅज्युएट आहे तर बी.एड.च करते’ म्हणून बी.एड. केलं. २०१८ पासून बी.एड.वाल्यांनाही प्राथमिकचं दार उघडलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे, त्याची खास तयारी लागते, असा निकालाचा रोख. मैत्रीण रडली. मला तिचं वाईट वाटलं, पण निकाल मात्र पटला.

मी २०२३ मध्ये राजीनामा दिला आणि डी.एल.एड.ला बसले. वर्गात सगळ्या अठरा-एकोणीसच्या मुली. मला ‘ताई’ म्हणायच्या. एक तर चुकून ‘काकू’ म्हणाली, तिला मी अजून माफ केलेलं नाही.

त्यानंतर टीईटी. पहिली ते पाचवीचा पेपर १५० मार्कांचा, त्यात बालविकासाला ३०. खुल्या गटाला पास व्हायला ९० लागतात. बरोबरीच्या मुली पियाजेचे टप्पे घोकत होत्या, वयोगटासकट. मला घोकावे लागले नाहीत. टप्पा आला की डोळ्यासमोर एक गळकं नाक आणि उंच ग्लास यायचा. सरकारी आणि अनुदानित शाळांत लागायचं तर पुढे २०० मार्कांची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. लागलातच, तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन प्राथमिकला पूर्वी ६,००० होतं, २०२३ पासून १६,००० झालं. होय, महिन्याचे. हे वाचून तुम्ही पान उलटणार असाल तर मी समजू शकते. मी स्वतः नवऱ्याबरोबर बसून एक्सेलशीट केलं होतं, गाडी विकली, फ्लॅटचं कर्ज जास्त वर्षांचं करून घेतलं. तो अजूनही अधूनमधून ‘ईएमआय?’ म्हणतो. आता हसून म्हणतो, हा फरक.

डिप्लोमा आधी केला नसता तर काही अडलं असतं का? नोकरीच्या दृष्टीने अजिबात नाही. भरतीत त्याचा एक मार्कही नाही. पण मग मी वर्गात गेले असते ती ‘रात्री लवकर झोपवा’वाली बाई म्हणून.

शनिवार, दुपारी चार

सध्या एका छोट्या मराठी शाळेत दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. अठ्ठावीस मुलं. पहिली पालकसभा शिरस्त्याप्रमाणे बुधवारी सकाळी अकराला ठेवली. सात पालक आले. स्टाफरूममध्ये तेच नेहमीचं वाक्य आलं, ‘यांना पडलेलीच नसते.’

मी घरोघरी ‘झोपवतं कोण’ विचारून आले होते. अठ्ठावीसपैकी एकोणीस घरांत दोघंही कामावर. बुधवारी अकराला यायचं म्हणजे खाडा. सभा रविवारी ठेवूया, असं मुख्याध्यापिका बाईंना म्हटलं. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘आणि आम्हाला घरं नाहीत का गं?’ त्यांचंही खरं होतं. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत, हे मला नंतर कळलं. शिक्षकांच्याही भोवती तीच वर्तुळं असतात, हे मी विसरले होते. शेवटी तोडगा निघाला, शनिवारी दुपारी चार. त्यांनी एक अट घातली, चहा मी आणायचा.

मधल्या काळात पिवळ्या दप्तरवाल्याची चौकशी करायला त्या महापालिकेच्या शाळेत जाऊन आले. पटावर त्याचं नाव नव्हतं. खोली बदलली, दुसरीकडे गेले, असं तिथल्या बाई म्हणाल्या.

शनिवारी चारला सतरा जण आले. त्यातले चार बाप. एक जण रिक्षा शाळेच्या दारातच लावून आला होता आणि सभा चालू असताना दर दोन मिनिटांनी खिडकीतून रिक्षा बघत होता. मी अभ्यासाबद्दल फार बोलले नाही. मुलं घरी कोणती कामं करतात, त्यात हिशोब कुठे येतो, हे विचारलं. भाजीवाल्या एक आजी ‘पावशेर म्हंजे किती ते माझ्या नातवाला इचारा’ म्हणाल्या आणि मग सगळेच बोलू लागले.

सव्वापाचला सगळे गेले. मी कप गोळा केले आणि फळा पुसायला घेतला. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. निळा युनिफॉर्म, गळ्यात गेटपास, धावत आल्यामुळे श्वास लागलेला. चपला बाहेर काढू की नको, अशा विचारात.

‘संपली का मीटिंग, मॅडम? बस मिळालीच नाही...’

मी डस्टर खाली ठेवलं.

‘नाही संपली. या, बसा ताई. आधी पाणी घ्या.’